ओळ दाखव

क्लासमध्ये त्यांना सगळे उतारेसर म्हणत. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारतात आणि भली भली पोरं तिथे गटांगळ्या खातात. त्यांना काठाला लावणं हे सरांचं काम. शेजारच्या आजोबांनी एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं, "उतारे देता म्हणे तुम्ही. विंचवावर चालतो का?"

"नाही हो आजोबा. माझा फक्त प्रवेश परीक्षेवर चालतो."

सरांची पद्धत ठरलेली. आधी प्रश्न वाचायचे, उतारा मागाहून. उतारा वाचत बसायचं नाही, त्याची झडती घ्यायची. ज्या पर्यायात 'नेहमी', 'कधीच', 'फक्त' असले शब्द छाती काढून उभे असतील, त्याच्याकडे संशयाने बघायचं. अनुमान विचारलं तर एकच पायरी उतरायची, दुसरी उतरलात की तळघरात. आपल्या घरचं शहाणपण उताऱ्यात घुसडायचं नाही. आणि कुणी "सर, मला वाटतं की" असं सुरू केलं, की सर खडू रोखून म्हणत, "वाटणं राहू दे. ओळ दाखव."

सराव परीक्षेचे उतारेही तेच लिहीत. मधमाश्यांवर, मिठावर, जुन्या पुलांवर. जीव ओतून लिहीत आणि वर्गात जाऊन तेच सांगत, की हे वाचण्यात वेळ घालवू नका. आपणच रांधायचं आणि पंगतीला सांगायचं, जेवू नका, नुसता खडा शोधा, अशातली गत.

पूर्वी एक वाचक होती. बायको. भाजी निवडता निवडता ती कागद समोर ठेवून उतारा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. प्रश्नांकडे बघायचीसुद्धा नाही. "पूल बरा बांधलाय. मधमाश्या मात्र अगदीच सरकारी वाटतात," म्हणायची. ती गेल्यापासून सरांचे उतारे झडतीलाच जात होते. कुणीतरी एखादा सबंध वाचावा, एवढीच त्यांची भूक होती. पण गावभर उलटं शिकवणाऱ्या माणसाने ती सांगावी कुणाला?

त्या महिन्याचा उतारा आवाजावर होता. पडदे, गाद्या, कपडे आवाज पिऊन टाकतात, उघड्या भिंती तो परत फेकतात, अशी साधी माहिती. शेवटी एक उदाहरण होतं: 'भरलेलं कपाट रिकामं केलं, की त्याच खोलीत खोकला वेगळा ऐकू येतो. आमच्याकडे तो आता दोनदा ऐकू येतो.' खाली शेवटचा प्रश्न, लेखकाचा सूर कोणता? तटस्थ, उपरोधिक, उत्साही, एकाकी. उत्तर तटस्थ. चौथा पर्याय सुचत नव्हता, म्हणून हाताला आला तो शब्द सरांनी टाकला होता.

तपासलेले पेपर वाटून झाले. वर्ग रिकामा झाला तरी एक मुलगी पेपर घेऊन टेबलापाशी उभी. मुलं तिला मालगाडी म्हणत. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. हुशार, पण प्रत्येक शब्दावर थांबे घेत जायची आणि पेपर अर्धा राहायचा.

"सर, शेवटच्याचं उत्तर चुकलंय."

"चुकलंय ना, म्हणून तर फुली आहे."

"माझं नाही सर, तुमचं."

सर हसले. "बाई, तू पुन्हा सबंध उतारा वाचत बसलीस. कितीदा सांगितलं तुला?"

"वाचला, म्हणूनच म्हणते. यातला माणूस एकटा आहे."

"असं तुला वाटतं. ओळ दाखव."

तिने बोट ठेवलं. "आमच्याकडे. आता. दोनदा." ती प्रत्येक शब्दावर थांबली. "आमच्याकडे म्हणजे माणसं हवीत ना सर घरात? मग खोकला एकट्याचाच का ऐकू येतो? आणि 'आता' म्हणजे आधी नव्हता येत." मग जरा अडखळून म्हणाली, "कपाट कुणी रिकामं केलं, तेवढं मात्र उताऱ्यात नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "हा माहितीपर उतारा आहे. उत्तर तटस्थ. परीक्षेत असे फाटे फोडलेस तर यंदाही घरी बसशील."

"बरं सर," म्हणाली आणि पेपराची घडी घालून गेली. तिचं ते 'बरं' सरांच्या कानात बसलं.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या. बायकोचं कपाट मेहुणीने रिकामं केलं होतं, सर क्लासला गेले असताना, त्यांना बघावं लागू नये म्हणून. चांगल्या मनानेच. संध्याकाळी परतल्यावर ते नेहमीसारखे खोकले होते आणि कोण आलंय म्हणून मागे वळून बघितलं होतं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. उताऱ्यातही नाही, अशी त्यांची समजूत होती.

आज मुद्दाम खोकून बघितलं. दोनदा ऐकू आलं.

खुर्ची ओढून त्यांनी आपलाच उतारा पुढ्यात घेतला. प्रश्न झाकले आणि बायको वाचायची तसा वरपासून वाचत गेले. धंद्याचा एक नियम त्यांनीच क्लासला घालून दिला होता: दोन उत्तरांना उताऱ्यातून आधार मिळत असेल तर प्रश्न बाद, आणि त्याचा गुण सगळ्यांना. पण बाद करायचं म्हणजे ते एकाकीपण तिथे आहे, असं चारचौघांत सही करून मान्य करायचं. उत्तर तटस्थच ठेवलं तर कुणी विचारणार नव्हतं. मालगाडी तर 'बरं' म्हणून मोकळी झाली होती. पण हे घर शब्द न् शब्द वाचणारं माणूस इतक्या दिवसांत एकच भेटलं होतं, आणि त्याला त्यांनी फुली दिली होती.

सकाळी फलकावर कागद लागला. शेवटचा प्रश्न बाद, गुण सर्वांना. खाली सरांची सही.

गणिताचे सर चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. "काय हो, सगळ्यांना फुकटचा गुण? तटस्थ होता की चांगला."

"दुसरंही उत्तर निघतं."

"कोणतं? एकाकी? त्या आवाजाच्या उताऱ्यात? काहीतरीच. ओळ दाखवा बघू."

पलीकडे मालगाडी वही छातीशी धरून फलक वाचत होती, सावकाश, सहीसकट. सरांनी खिशातून उताऱ्याचा कागद काढून गणिताच्या सरांच्या हातात दिला.

"ओळ नाही दाखवत," ते म्हणाले. "सबंध वाचा."