बापूंनी मध्येच थांबवलेला ढावलो

यवतमाळला ट्रॅव्हल्सच्या गाडीची डिकी उघडी होती आणि याडी त्या डिकीत अर्धी वाकून माझी पेटी कुठे ठेवली ते बघत होती. क्लीनर तिला बाजूला व्हायला सांगत होता. ती होत नव्हती. माझ्या पेटीवर कुणीतरी सिमेंटच्या पोत्यात बांधलेलं जड सामान टाकलं होतं, ते तिने स्वतः ओढून खाली घेतलं, पेटी वर ठेवली आणि मगच पदराला हात पुसले. याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत, बंजारा बोलीत, आई. घरी आम्ही गोरबोलीच बोलतो, पण हे वाचणाऱ्यांत तांड्याबाहेरचेही असतील, म्हणून घरातलं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते. ती दोन्ही भाषा सारख्याच जोरात बोलायची.

मला रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यातून इतक्या लांब नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी. बापू, माझे वडील, तेव्हा बोलके होते. ड्रायव्हरला, शेजारच्या सीटवरच्या बाईंना, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यालाही त्यांनी सांगून झालं होतं की आपली पोरगी मॅडम झाली आणि समुद्राकडे चालली. याडीने खिडकीशी येऊन एवढंच सांगितलं, “तिकडची भाषा येईन तुले. भात पचते का ते पाह्य आधी.”

भात पचला. भाषा मात्र मुलांनी शिकवली. पहिल्या आठवड्यात मी वर्गात “मले सांगा” म्हणाले आणि अख्खी तिसरी तोंडावर हात धरून हसली. आता मी “मला” म्हणते, सुट्टीत घरी आले तरी पहिले दोन दिवस “मला”च निघतं. तांड्यावर जमीन सपाट, काळी आणि दूरवर दिसणारी. इथे शाळेत जायला पाखाडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि वळणापलीकडचं घर दिसत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, इथल्या लोकांना एकमेकांपासून काही लपवायचं असावं. मग कळलं, डोंगरच तसा आहे. आता आमसुलाशिवाय माझी आमटी होत नाही, पण ज्वारीचं पीठ मी अजून तिकडूनच आणते.

तुमच्यापैकी जे पुण्याला, सुरतेला, अजून लांब गेले आहेत, त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. लांब राहणाऱ्याला फोन वाजण्याची भीती असते. माघात तो फोन मला आला, याडी गेल्याचा. मी निघाले, घाट चढले, उतरले, पुण्याला गाडी बदलली, आणि पोचले तेव्हा याडीला निरोप देऊन माणसं परतली होती. कुणाचा दोष नव्हता. एवढं अंतर आमच्यापैकी कुणीही कमी करू शकलं नसतं. अंगणात तिचं लुगडं वाळत होतं, ते मी काढलं आणि घडी घालून ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातून तिच्यासाठी झालं ते तेवढंच.

माझं लग्न आधीच ठरलेलं होतं. प्रवीण घाटंजीकडच्या तांड्यातला, माझ्या शाळेच्याच तालुक्यात शिक्षक. कोकणात नेमणूक झालेल्या विदर्भातल्या मास्तरांची एकमेकांशी ओळख व्हायला वेळ लागत नाही. कुणाच्या घरून रोडगे आले की सगळे जमतात, तशी आमची झाली. तारीख पुढे ढकलावी असं काही जण म्हणाले. बापूंची बहीण, जमनाआत्या, हिने ते उडवून लावलं. वहिनीने स्वतः पाहून ठरवलेला पोरगा आहे, उन्हाळ्यातच लग्न होईल, असं सांगून ती दिग्रसकडून आपलं गाठोडं घेऊन आमच्याकडे राहायलाच आली.

शाळेचे निकाल लावून मी मेच्या सुरुवातीला घरी पोचले. ऊन असं होतं की दुपारी हँडपंपाच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. घर आत्याने स्वच्छ ठेवलं होतं. बापू मात्र घरात असून नसल्यासारखे होते. बोलके बापू फक्त “हाव” आणि “नाई” एवढ्यावर आले होते. जेवायला बोलावलं की येत, वावरात जात, परत येऊन लिंबाखाली बसत. शेजारी येऊन बसलेल्यांना ते चहा द्यायला सांगत आणि पुढे गप्प. याडीचं नाव त्यांनी माघापासून एकदाही उच्चारलं नव्हतं, असं आत्या म्हणाली. कुणी काढलं तर उठून जात.

मला लग्नाची काळजी नव्हती. मंडप, पत्रिका, वऱ्हाडाचं जेवण हे सगळं तांडा करतो. मला भीती होती ती जून महिन्याची. मी सासरी जाणार, तिथून कोकणात जाणार, आत्या आपल्या घरी जाणार, आणि हा माणूस त्या लिंबाखाली असाच गप्प राहणार. एकट्या माणसाचं कसंतरी निभेल, जेवेल-खाईल. पण बोलणं बंद झालेल्या माणसाचं काय होतं, ते मी आमच्या तांड्यात पाहिलेलं आहे.

आमच्यात मुलगी सासरी जाताना ढावलो म्हणते. प्रत्येक जवळच्या माणसाच्या गळ्यात पडून, लांब सुरात, त्याने आपल्यासाठी काय केलं ते गायचं आणि रडायचं. आता बऱ्याच शिकलेल्या मुली म्हणत नाहीत. डीजे चालू असतो, मुलगी गाडीत बसते. आत्याला ते पसंत नव्हतं. “आता तं पोट्ट्या हात हालवते न जाते, जशी कॉलेजले चालली,” ती म्हणाली. मी पहिलीपासून आश्रमशाळेत वाढलेली, मला ढावलो येत नव्हता. पण याडीने तिच्या लग्नात तो असा म्हटला होता की गाडीचे बैल हलेनात, असं अजून सांगतात. मला तो म्हणायचा होता. ती नाही, म्हणून तर जास्तच.

रोज सकाळी ऊन तापायच्या आत आत्या आणि मी अंगणात खाटेवर कुरड्या घालायचो, आणि ती सोऱ्या दाबत दाबत मला शिकवायची. सूर दोन दिवसांत जमला. शब्दांचं अडलं. “सूर आमचा, शब्द तुहे,” ती म्हणायची. “ज्यानं जे केलं ते म्हणायचं.” हे मला अवघड वाटलं. भर मंडपात, एवढ्या माणसांसमोर, मनाचं कसं सुचेल? मला तयारीची सवय. म्हणून मी तिलाच तिचा ढावलो म्हणायला लावला, मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि तिसरीच्या मुलांनी कविता पाठ करावी तसा पाठ केला. फोनवर प्रवीण विचारायचा, “मॅडम, घटक चाचणी कधी आहे?” मी म्हणायचे, थेट वार्षिकच आहे.

लग्न झालं. ऊन, धूळ, जेवणाच्या पंगती, माझ्या शाळेतून आलेल्या दोन शिक्षिकांना न झेपणारी तिखट भाजी, सगळं व्यवस्थित झालं. निघायच्या वेळी आत्याने डीजेवाल्याकडे नुसतं पाहिलं, तसा त्याने आवाज बंद केला. मी आत्याच्या गळ्यात पडले, काकूच्या पडले, मैत्रिणींच्या पडले. सूर लागत गेला. बायका माझ्याबरोबर हुंदके द्यायला लागल्या. आणि मग बापू. आमच्याकडे पुरुष खाली मान घालून उभे राहतात आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात. तसेच ते उभे होते. मी पाठ केलेलं सुरू केलं. बापू, तू दिग्रसच्या बाजारातून माझ्यासाठी चांदीच्या तोरड्या आणल्यास, बापू, तू मला खांद्यावर बसवून नदी पार केलीस.

डोक्यावरचा हात थांबला.

“मी नाई आणल्या,” बापू म्हणाले.

मला वाटलं मला भास झाला. मी पुढची ओळ घेतली.

“थांब, बाई. तोरड्या मी नाई आणल्या. त्या जमनाच्या हायेत, माह्या बापानं आणलत्या तिले. तुह्या तोरड्या तुह्या मायनं आणल्या.”

मग आत्या रडता रडता म्हणाली, “खरंच हाय. भावानं माहा ढावलो माह्याच तोंडावर ओळखला.” कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि माझा सूर पार तुटला. आत्याच्या बापाची कर्तबगारी मी तिच्या भावाला ऐकवत होते. आमच्या तांड्याच्या इतिहासात पाठ केलेला ढावलो म्हणणारी मी पहिली, आणि भर निरोपात दुरुस्त झालेलीही मीच पहिली.

पण बापू हसले नाहीत, आणि थांबलेही नाहीत. माझ्या डोक्यावर हात तसाच ठेवून ते सांगत राहिले. नदी पण त्यांनी पार करून दिली नव्हती. ते तेव्हा ऊसतोडीला गेले होते, अवकाळी पावसाने पूर आला होता, आणि याडीने मला पाठीवर बांधून पलीकडे दवाखान्यात नेलं होतं. शाळेत नाव घालायला तीच गेली होती. आश्रमशाळेच्या दारात मी तिचा पदर सोडत नव्हते, तर तिने पदराचा तेवढा तुकडा फाडून माझ्या हातात ठेवला होता आणि फाटकं लुगडं नेसून घरी आली होती. हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारी ती स्वतःच होती आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसावं.

“मी तं नुसता मांगं मांगं होतो,” बापू म्हणाले. “मायचं नाव घेऊन म्हण.”

मग मी सूर पुन्हा धरला, शब्द मात्र सगळे सोडून दिले. बापू एकेक गोष्ट हळू आवाजात सांगत आणि मी ती गात असे. मुलीच्या निरोपात बापाने शब्द पुरवल्याचं तांड्याने कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. वऱ्हाडाच्या गाड्यांचे ड्रायव्हर खोळंबले होते, पण त्यांनी हॉर्न वाजवला नाही. याडीला निरोप द्यायला मी वेळेवर पोचले नव्हते. तो निरोप त्या दुपारी मंडपात झाला, माझ्या स्वतःच्या निरोपाच्या आत.

घाटंजीकडे, प्रवीणच्या घरी मी आठवडाभर राहिले. नव्या सुनेला स्वयंपाकघरात जास्त शिरू देत नाहीत, तेव्हा मी सासूबाईंच्या शेजारी बसून तिळाची चटणी खात होते आणि प्रवीणची लहानपणची फजिती ऐकत होते. वर्तमानपत्र कुणालाही आधी न देणाऱ्या सासऱ्यांनी तिसऱ्या दिवशी ते मला आधी वाचायला दिलं. त्यानंतर आपल्याला या घरात जागा झाली असं मी धरून चालले. प्रवीणने महाबळेश्वरचं ठरवलं होतं. माहेरी परतल्यावर त्यानेच ते बदललं आणि बापूंना विचारलं, समुद्र पाहायला येता का. नवरा-बायकोच्या फिरण्यात सासऱ्याला कोण नेतं, म्हणून आत्या खूप हसली. बापू आले.

समुद्राच्या काठी ते बराच वेळ चप्पल हातात धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, “एवढं पाणी, न एकही वावर ओलिताचं नाई.” प्रवीण वाळूत बसून हसला. मग ते दोघं कापसाच्या बियाण्यावर बोलत किनाऱ्याने पुढे गेले आणि मी मागून चालत राहिले. पेरणीच्या आधी बापू परत गेले. आमच्याकडेच राहा, असं मी म्हटलं होतं; त्यांनी ऐकलं नाही आणि मीही हट्ट केला नाही. बोलणारा माणूस एकटा राहू शकतो, याची आता मला खात्री आहे.

आता शाळा सुरू झाली आहे. आमच्या दोन खोल्यांत भांडी अजून कमी आणि पुस्तकं जास्त आहेत. संध्याकाळी बापूंचा फोन येतो, तो आम्ही स्पीकरवर ठेवतो आणि स्वयंपाक करतो. ते याडीबद्दल बोलतात, रोज काहीतरी नवीन. परवा मी त्यांना म्हणाले, आज मिरचीचा ठेचा केलाय, अगदी याडीच्या हातचा झालाय.

“तुही माय ठेचा करतच नोती,” बापू म्हणाले. “तिले मिरचीनं ठसका लागे. ठेचा मी करो.”

प्रवीण हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून हसत राहिला. इतकी वर्षं कोकणात ज्या चवीला मी आईची चव म्हणून सांगत आले, ती बापूंची होती. मी त्यांना विचारलं, लसूण आधी घालायचा की मीठ. त्यांनी सविस्तर सांगायला सुरुवात केली, आणि मी पोळी उलटवली.