पिंपावरची टकटक

पालिकेकडून डासांच्या अळ्या शोधायला येई, म्हणून भिवंडीच्या आमच्या चाळीत त्याला सगळे मलेरियावाला म्हणत. नाव विचारावं असं मला कधी सुचलंच नाही. पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलण्याआधी तो त्यावर बोटांनी टकटक करी, जणू आत कुणी राहत असावं. चाळ सुटली, पण ती टकटक अजून कानात आहे. आणि तो नेहमी 'आपण' म्हणे, जणू सगळी पिंपं त्याच्याच घरची.

घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मी कॉलेजला लागलो त्या वर्षी शेजारचे लूमवाले, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, हिवतापाने आडवे झाले होते. एका सकाळी शेजारच्या खोलीतल्या चाचीच्या पिंपात त्याला डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या.

"चाची, आपल्याला हे पाणी ओतायला लागंल."

"ओत म्हणे! उद्या पोरीची मंगनी हाय, नळाला पाणी न्हाय. पाहुण्यांना तुझी टोपी पिळून पाजू?"

मला वाटलं, आता भांडण होणार. तो हसला. "टोपीत नुसता घाम हाय, चाची."

मग त्याने लूमच्या कोऱ्या कापडाचा तुकडा मागितला, माझ्याकडून आमचं रिकामं पिंप आणवलं आणि हंड्याहंड्याने सगळं पाणी त्यात गाळलं. चाचीचं पिंप आतून घासलं, पाणी परत भरलं, तोंडाला कापड बांधलं. तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती.

चाचीने त्याच पाण्याचा पेला पुढे केला. "पैले तू पी."

तो घटाघटा प्यायला.

चाची दारात जाऊन ओरडली, "अगं बायांनो, पिंपं उघडा! हा पाणी न्हाय सांडत."