उकळलेलं पाणी

सगळा कारखाना त्याला वाफ्या म्हणायचा. जनावरांची कातडी चुन्यात भिजवायची, धुवायची, कढवायची आणि निघालेला रस गोठवून जिलेटिन करायचं, असं काम. कढईवरची वाफ हुंगून वाफ्या सांगायचा, अजून पाऊण तास. रसाचा दाटपणा मोजायचं यंत्र मागाहून तेच सांगायचं. एकोणतीस वर्षं हे केलं. पण कसब फुकट येत नाही, वास अंगात मुरतो. घासून घासून हात सोलले तरी जायचा नाही. नात लांबूनच म्हणायची, "आजोबा, तुम्ही तिकडे बसा." तो तिकडे बसायचा.

मग कारखान्यात एक बंद खोली झाली. तिथलं जिलेटिन खायचं नव्हतं. संशोधक त्यावर जिवंत पेशी वाढवतात, कातडीचा नाहीतर हाडाचा तुकडा घडवता येतो का बघतात. म्हणून ते इतकं शुद्ध करायचं, की जंतू तर नकोतच, मेलेल्या जंतूंची घाणही नको. भांडी धुवायला चोख हाताचा माणूस हवा होता. साहेबांनी वाफ्याला उचललं. पांढरे कपडे, टोपी, हातमोजे. महिन्याभरात वास गेला आणि नात आपणहून मांडीवर येऊन बसली. बिस्किट खाऊन चुरा त्याच्या सदऱ्यावर सांडला. त्याने तो झटकला नाही.

तपासणीला त्याचीच भाची होती, त्यानेच शब्द टाकून लावलेली. नळीत जिलेटिनचं पातळ पाणी घ्यायचं, औषध घालायचं, तासभर ऊब द्यायची आणि नळी उलटी करायची. वाहिलं तर पास. गोठून बसलं तर घाण आहे, माल नापास.

"जन्मभर गोठलं की बरं म्हणत आलो," वाफ्या म्हणायचा, "आणि तुझ्याकडे गोठलं की बोंब. उफराटंच घर तुझं."

"या घराचा रस्ता तुम्हीच दाखवलात, मामा."

एकदा माल नापास झाला. मग दुसरा, तो पहिल्याहून वाईट. तिसऱ्याला साहेब वाफ्यासमोरच भाचीला म्हणाले, "तुझा हात घाण नसेल, तर कारण शोधून दाखव. आठ दिवस देतो."

वाफ्यालाही वाटलं, पोरगी घाईची आहे. "नळ्या नीट हाताळत जा," त्याने तिलाच ऐकवलं.

तिने एकेका भांड्याचं धुवण तपासलं. चौथ्या दिवशी सकाळी ती धुण्याच्या जागी आली, तर वाफ्या मोठ्या भांड्यात टोपातलं वाफाळतं पाणी ओतत होता.

"शेवटचा हात सीलबंद कॅनमधल्या पाण्याचा ना? मग हे कुठलं?"

"नळाचं. काल संध्याकाळी भरून ठेवलं, आता तासभर उकळलं. मागच्या महिन्यात भांड्यात एक कण दिसला होता, तेव्हापासून वरून हा एक हात देतो. माल नापास व्हायला लागल्यावर दोन हात. आपल्या समाधानाला."

भाची तिथल्या स्टुलावर बसली. "उकळून जंतू मरतात, मामा. पण त्यांची मढी कुठं जातात? रात्रभर त्या टोपात ते वाढले. सकाळी तुम्ही सगळे मारलेत आणि धुतल्या भांड्यात ओतलेत."

वाफ्याने टोप खाली ठेवला. उकळलेलं ते शुद्ध, एवढ्या एका गोष्टीवर त्याचा उभा जन्म गेला होता.

"साहेबांना कळलं तर मला परत कातडीच्या शेडमध्ये टाकतील," तो म्हणाला.

"मी लिहिते, कारण सापडलं नाही म्हणून. तुम्ही फक्त तो टोप घरी न्या."

"मग तुझं?"

"निभेल काहीतरी."

नको म्हणायला तोंड उघडायचं होतं, तेवढंच. तो म्हणाला, "बघ बाई. तुझं तू."

टोप गेला आणि पुढचा माल पास झाला. साहेबांना तेवढा पुरावा पुरला. दम भरल्याबरोबर माल सुधारतो, म्हणजे दोष हाताचाच. त्यांनी कागदावर हलगर्जी लिहिलं आणि भाचीला शेडमध्ये, ओली कातडी तोलायच्या काट्यावर बसवलं. बहीण वाफ्याला म्हणाली, "तू मामा आहेस तिचा, साहेबांकडे रदबदली तरी कर."

तो साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेला. एकदा हातमोजे संपलेत असं सांगून आला, एकदा नुसताच परतला.

दुपारी सगळे डबे सोडायचे, तेव्हा भाची आता भिंतीकडच्या बाकावर एकटी बसायची. एक दिवस तो तिच्याशेजारी जाऊन बसला. वास आला. त्याने तोंड फिरवलं नाही, पण श्वास जरा धरला, आणि ते तिला दिसलं.

"किती दिवस लागतात, मामा?"

"कशाला?"

"जायला."

"शेड सुटल्यावर महिना," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं. तो पांढऱ्या कपड्यांत तसाच बसून राहिला. मग घंटा झाली, आणि बंद खोलीत शिरण्याआधी दोनदा हात धुवायचे असतात म्हणून तो लवकर उठला.