मॅन्युअलचं एक्केचाळिसावं पान

बीडमध्ये मी मेनफ्रेम शिकवायचो, आणि मोठ्या कंपन्यांतलं ते खोलीएवढं यंत्र मी स्वतः कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाजार नुकताच खुला झाला होता आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. आमच्या क्लासमध्ये दोन साधी मशीन होती, त्यातलं एक कायम रुसलेलं. मेनफ्रेमच्या नावानं माझ्याकडे होती ती फक्त एका मॅन्युअलची झेरॉक्स.

मोठ्या यंत्रावरच्या डेटाबेसमध्ये काही बदललं, की तेवढाच बदल उचलून दुसऱ्या यंत्रावर पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं ते मॅन्युअल. ते थांबवायच्या, तपासायच्या कमांड मी पोरांकडून पाढ्यांसारख्या घोकून घ्यायचो. थांबवलेलं पुन्हा सुरू कसं करायचं, ते एक्केचाळिसाव्या पानावर होतं. झेरॉक्सवाल्यानं चाळिसावं पान दोनदा काढलं होतं आणि एक्केचाळिसावं काढलंच नव्हतं. मी अंदाजानं एक कमांड जुळवली आणि तीही घोकून घेतली. मला येत नाही, असं वर्गात म्हणायची लाज वाटायची.

नांदूरघाटची एक मुलगी माझ्याकडे शिकून पुण्यात नोकरीला लागली. पहिले तीन महिने कच्चे, मग कायम करणार होते. एके दिवशी दुपारी क्लासखालच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, तुमचा फोन आहे म्हणून.

"सर, सकाळी मी ते सॉफ्टवेअर थांबिवलं व्हतं. आता तुमी शिकिवलेली कमांड दिली, तर मशीन इचारतंय, मधले बदल सोडून द्यायचे का. हो म्हनू का न्हाई?"

मधले बदल म्हणजे सकाळपासून लोकांनी केलेलं सगळं काम. ते दुसऱ्या यंत्रावर पोचलंच नसतं तर पोरीची नोकरी गेली असती, तीही माझ्या थापेपायी. ऐटीत एक उत्तर ठोकून द्यावं, असं तेव्हाही क्षणभर वाटलं. त्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काही दाबू नकोस," मी म्हणालो. "ते पान माझ्याकडे नव्हतंच. ती कमांड मी मनानं रचलेली आहे."

ती म्हणाली, "फोन ठिवू नका सर." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून ती कुणा वरिष्ठ बाईंना काहीतरी विचारताना ऐकू येत होती. काचेच्या त्या खोक्यात माझा शर्ट घामानं भिजला. गेवराईला फोन लावायला थांबलेला माणूस काचेवर टकटक करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"झालं सर," ती परत आली. "बाईंनी दुसरी कमांड दिली. थांबलं व्हतं तिथूनच चालू झालं, काई गेलं न्हाई. लई बोलल्या, पन नोकरी हाय."

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"मला वाटलंच व्हतं सर. त्या कमांडवर आलं की तुमी फळ्याकडं तोंड करून बोलायचे."

"मग तेव्हाच विचारलं का नाहीस?"

"कावून इचारू? तुमी क्लास बंद केला असता, तर मला दुसरं कोन शिकिवनार व्हतं?"

फोन ठेवून मी जिना चढू लागलो. तीच कमांड मी सकाळी फळ्यावर लिहून ठेवली होती, आणि वर नवी बॅच ती मोठ्यानं घोकत होती.