ढगाळ दिवसाची भजी

मला मळभ आवडतं. पण हे आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

माझं माहेर पाचगणीचं. तिथं ढग खिडकीतून घरात येतात, आणि अशा दिवशी आई दार लोटून घेऊन कांद्याची भजी तळायची. सासर मिळालं आष्ट्याजवळचं, द्राक्षबागेचं. दसरा झाला, छाटणीनंतर कोवळा फुटवा आला आणि नेमकं आभाळ भरलं, की इथली माणसं सुतक असल्यासारखी बसतात. दमट हवेत पानांवर दावण्या रोग पडतो आणि बघता बघता वर्षाचं पीक हातचं जातं. नव्या नवरीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी हौसेनं कढई ठेवली. वास पार बागेपर्यंत गेला. सासूबाई तरातरा आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "तिकडं बाग चाललीया, आन् तुला भजी सुचत्यात व्हय गं?"

तेव्हापासून ढगाळ दिवशी आमच्याकडं तळण नाही. हे नाकाला रुमाल बांधून फवारणीला जायचे आणि मी एकटी खिडकीशी बसायची. त्या बागेचा मला राग राग यायचा. सवतीशी निदान भांडता तरी येतं.

लागोपाठ हंगाम बुडाले तेव्हा गेल्या साली यांनीच जेसीबी बोलावून बाग काढली. आता तिथं ऊस आहे. उसाला ढगांचं काही सोयरसुतक नसतं.

आज सकाळपासून आभाळ गच्च आहे. वारा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि हे घरात. इतकी वर्षं मनातल्या मनात मागत होते, तो हाच दिवस. मी कांदा चिरला, कढई ठेवली, पहिला घाणा यांच्यापुढं ठेवला.

"आवं, गरम हाय तवर खावा."

यांनी एक भजं उचललं. "दुपारनं उघडंल काय गं?"

"उघडलं काय नि न्हाई काय, आता कुणाचं काय जातंय?" मी चिडूनच बोलले.

यांनी भजं ताटलीत परत ठेवलं आणि उठून खिडकीपाशी गेले. गजांवर मी दोडक्याचा वेल चढवलाय. त्याचं एक पान उलटं करून यांनी डोळ्यांजवळ धरलं. मग दुसरं. बागेत बघायचे तसंच, पांढरा डाग शोधत.

"स्वच्छ हाय," म्हणाले, आणि पुढचं पान धरलं.

कढईत दुसरा घाणा होता. सासूबाई आता नाहीत. गॅस मीच बंद केला.