एकोणीस करवती होत्या, हत्यारं नव्हे

कमलाकांतमामांच्या खोलीत करवती होत्या. करवती. लाकूड कापतात त्या. हे आधीच सांगायला पाहिजे, कारण गेल्या आठवड्यात मामा गेले तरी लोकांनी तो दुसरा शब्द काही सोडला नाही.

मामा फोर्टात कारकून, राहायला गिरगावात आमच्याच वाडीत. शनिवारी हाफ डे झाला की निघाले रे रोड स्टेशनकडे. तिथे लाकडाच्या वखारींच्या मागे सुतारांनी टाकलेल्या जुन्या करवती मिळायच्या, एकीची मूठ तुटलेली, एकीचे दात गेलेले. पेपरात गुंडाळून घरी आणायचे आणि अख्खा रविवार गॅलरीत बसून कानशीने घासायचे. एक दात डावीकडे वाकवायचा, एक उजवीकडे. सरोजिनीमामी म्हणायची, "आमच्या घरात माणसं दोन आणि दात दोन हजार." पण पावसात कुणाचं दार फुगलं, कुणाला पाट हवा, की हाक मामांनाच. शेजारच्या मनमोहनच्या स्वयंपाकघरातली फळी त्यांनीच कापून बसवली, चहासुद्धा न पिता.

मग छप्पन साल आलं, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. गोळीबार झाला, कचेऱ्या बंद, वाडीवाडीत झडत्या. पोलीस मामांच्या दारात. फौजदाराने विचारलं, "घरात हत्यारं आहेत?"

आता सुतारकाम करणारा माणूस अवजारांना हत्यारंच म्हणतो ना? खंडेनवमीला आपण हत्यारंच पुजतो ना? आणि मामांना आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं हो. एवढे खूश झाले. "आहेत की! एकोणीस! या ना, आत या, दाखवतो."

चादर पसरून सगळ्या मांडल्या. ही बारीक दातांची, ही शिसवी मुठीची, धरून तर बघा साहेब. साहेब बघत होता आणि शिपाई लिहीत होता, 'दातेरी शस्त्रे, नग एकोणीस'. खाली पंच म्हणून सही कुणाची? मनमोहनची! त्या फळीवरचे डबे रोज काढणारा हा माणूस.

चौकीत फौजदार म्हणाला, "ही शस्त्रं माझी, असं लिहिलंय, खाली सही करा. ताकीद देऊन सोडतो, तुमच्या वस्तूही न्या."

"शस्त्रं खोडा. करवती लिहा."

"हत्यारं तुम्हीच म्हणालात."

"सुताराच्या तोंडी हत्यार म्हणजे अवजार, साहेब."

"तुम्ही कुठे सुतार? तुम्ही कारकून!"

कागद बदलला नाही, मामांनी सही केली नाही. अकरा दिवस आत ठेवलं. भल्या माणसाला! सुटले ते रिकाम्या हाताने, करवती चौकीच्या गोदामातच.

त्यानंतर दर शनिवारी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन चौकीवर. "गोदामाला ओल आहे, निदान तेलाचा हात फिरवू द्या." आधी सही करा म्हणायचे. मामी वैतागायची, "करा हो एकदाची! तो कागद वाचतंय कोण?"

"मी वाचलाय," मामा म्हणायचे.

चार वर्षं. महाराष्ट्र झाला, मामा पुन्हा गेले, तर गोदाम रिकामं. गंजून दात बोटाने मोडत होते, म्हणून भंगारात दिल्या म्हणे. कुणी कळवलं? कुणी नाही.

त्याच महिन्यात वाडीत सत्कार. स्टेजवर मनमोहन! "आमच्या कमलाकांतने लढ्यासाठी घरात हत्यारं जमवली!" टाळ्या. मामांनी शाल घेतली नाही. उभे राहून म्हणाले, "करवती होत्या रे. तुझी फळी त्यातल्याच एकीने कापलीय." लोक हसले. म्हणे किती विनय! विनय कसला, डोंबल! तेव्हापासून खंडेनवमीला कुणी हत्यारं म्हणालं तरी मामा बसल्या जागी ओरडायचे, "अवजारं म्हण!"

आणि आता गेले, तर वाडीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लढ्यासाठी हत्यारे बाळगणारे कमलाकांत यांचे निधन.' पोलिसांनी एकदा लिहिलं, आपल्या माणसांनी दुसऱ्यांदा.

मामीने ते वाचलं. घरात गेली, ते तेलाचं फडकं घेऊन खाली आली आणि 'हत्यारे' पुसून टाकलं. मनमोहन पुढे झाला, "वहिनी, अहो, मानाने लिहिलंय..."

"तुम्ही बाजूला व्हा. तुमची सही झालीय मागेच."

फळा तेलकट झाला, खडू उमटेना. मामीने दाबून दाबून, तीनदा गिरवून लिहिलं. करवती.