सेल उतरलेलं गाणं

"बाबा, शेडमध्ये जागा होती! राइट देअर! यू पार्क्ड इट इन द सन ऑन पर्पज!"

दुबईत करामाच्या पार्किंगमध्ये माझी मुलगी ओरडत होती. सीटबेल्टच्या बकलचा तिच्या बोटाला चटका बसला होता आणि बोट तोंडात धरूनच ती ओरडत होती, त्यामुळे निम्मे शब्द मला अंदाजाने घ्यावे लागले. जूनमधला शुक्रवार, दुपारचा साडेबाराचा सुमार. शुक्रवारी आम्हा दोघांनाही अर्धा दिवस असतो, म्हणजे घरी परतायची वेळ नेमकी सूर्य डोक्यावर येऊन बसण्याची. स्टीअरिंगवर पीठ सोडलं असतं तर आंबोळीला जाळी पडली असती. डॅशबोर्डवरच्या प्लास्टिकच्या गणपतीची सोंड उन्हाने वाकली होती. सकाळी डाव्या सोंडेचा होता तो दुपारी उजव्या सोंडेचा झाला होता, आणि आता याचं सोवळं कोण पाळणार ही मला वेगळीच काळजी.

शेडमध्ये जागा होती हे खरं आहे. एक नव्हे, दोन होत्या. पण मी गाडी उन्हात उभी केली ती वेड लागलं म्हणून नाही. मी टेप दुरुस्त करत होतो.

आता हे नीट सांगतो, कारण त्या दिवशी पार्किंगमध्ये मला ते नीट सांगता आलं नव्हतं.

आम्ही शारजाला अल मजाजमध्ये राहतो. मुलीला नोकरी लागली ती करामात, माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. तेव्हापासून आठ महिने ती सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसून यायची. शारजा ते दुबई हा रस्ता सकाळी असा तुंबतो, की शेजारच्या गाडीतल्या माणसाची दाढी वाढताना दिसते. सव्वा तास. आणि हा सव्वा तास माझा होता. शाळेत होती तेव्हा ती मला झोपलेली दिसायची, कॉलेजात गेल्यावर बंद दाराच्या रूपात. मोठेपणी मी तिला धडपणे पाहिली ती या गाडीत, तीसुद्धा उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून.

नियम असा होता: अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या बातम्या, पुढे तिच्या पेनड्राइव्हवरची गाणी. त्या आठवड्यात तिने एक गाणं लावलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आवाज असा, की विहिरीत पडलेला माणूस मदत मागायची सोडून सावकाश गोष्ट सांगत बसलाय. प्रत्येक शब्द गुळाच्या पाकातून ओढून काढलेला. बाई गातेय की बुवा, तेही कळेना.

"हे काय गो?" मी विचारलं.

"सदर्न हिप हॉप, बाबा. सो अंडररेटेड."

अंडररेटेड म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक. आमच्या एसीच्या कंपनीत टेंडर भरताना जो सगळ्यांच्या खाली रेट लावतो तो. एवढ्या कमी रेटमध्ये गाणं बनवलं तर असंच होणार, असं मी मनात म्हटलं. पण खरं निदान वेगळं होतं आणि ते माझ्या कानांनी एका क्षणात केलं होतं: सेल उतरलेत.

माझ्या पिढीच्या कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात वीज म्हणजे पाहुणी. टेप चालायचा तो सेलवर. सेल उतरले की गायिकेचा गायक व्हायचा, गायकाचा रेडा व्हायचा आणि मग सगळं थांबायचं. त्यावर उपाय एकच. सेल काढायचे, दाताने जरा चावायचे आणि अंगणात उन्हात वाळत घालायचे, आंबोशीच्या शेजारी. दोन तासांनी ते जीव धरायचे आणि आणखी दीड गाणं म्हणायचे. माझा काका शक्ती-तुऱ्यातला शाहीर. गणपतीत दोन गावांच्या मंडळ्या समोरासमोर उभ्या राहून रात्रभर एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, त्यातला शक्तीवाल्यांच्या बाजूचा. त्याची एकच कॅसेट निघाली. ती आम्ही जन्मभर उतरलेल्या सेलवरच ऐकली. काका मुळात किती वेगात गायचा, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तर गाडीत सेल नसतात, बॅटरी असते, हे मला कळतं. एसीवाला आहे मी. पण हाताला जे एकदा कळलंय ते डोक्याला विचारत नाही. मी गाडी उन्हात लावली.

हे सगळं मी मुलीला त्या भट्टीत बसून समजावलं. तिने बोट तोंडातून काढलं.

"बाबा," ती म्हणाली, "कार्स डोंट हॅव सेल्स." आणि खिडकीबाहेर बघू लागली. शारजाची हद्द लागली तेव्हा, तिकडेच बघत म्हणाली, "फ्रॉम द फर्स्ट, आय अ‍ॅम टेकिंग अ कारलिफ्ट."

कारलिफ्ट म्हणजे ठरल्या वेळी दाराशी येऊन सात अनोळखी माणसांना ऑफिसला पोचवणारी व्हॅन. माझ्यापेक्षा सात अनोळखी माणसं बरी.

"का गो?"

"इट्स जस्ट ईझिअर, बाबा."

यात काय सोपं होतं ते मला अजून कळलेलं नाही. घरी बायकोला सांगितलं, की टेप बिघडल्यामुळे पोरगी व्हॅनने जाणार म्हणते. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टेपमुळे नाही हो. टेप बंद पडला की तुम्ही सुरू होता म्हणून."

हे म्हणणं मी ऐकलं नाही. एक तारखेला नऊ दिवस होते आणि टेप दुरुस्त होण्यासारखा होता.

शनिवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियात गेलो. तिथे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक पठाण उस्ताद आहे. हात लावून वायरचा ताप सांगतो. त्याने टेप बाहेर काढला, डॅशबोर्डचं पोट रिकामं केलं, इतक्या वायरी बाहेर आल्या की त्यांचं दुसरं टोक पार पलीकडच्या किनाऱ्यावर खोरफक्कानला निघालं असतं. सगळं तपासून त्याने आपला पश्तो पेनड्राइव्ह लावला. गाणं खणखणीत. मग मुलीचा लावला. विहिरीतला माणूस.

पुन्हा पश्तो. खणखणीत. पुन्हा विहीर.

उस्तादाने पाना खाली ठेवला. शेजारच्या गॅरेजमधले दोन बंगाली आणि टायरवाला असे सगळे जमले. मग उस्ताद हात पुसत म्हणाला, "हाजी साब, मशीन ठीक है. आदमी ही धीरे गा रहा है."

मी हाजी नाही हे त्याला सांगायचं राहून गेलं, इतका मी गोंधळलो होतो. कोणी जाणूनबुजून सेल उतरवून गातो? आणि माझी पोर ते विकतचं इंटरनेट घालून ऐकते?

मग मला तिचा शब्द आठवला. सदर्न. साउथ. असं होय. मग त्याला भाषा न कळणारा मी कशाला, आमच्या मजल्यावर त्रिशूरचा चेट्टा, म्हणजे मल्याळी दादा, आहे की. मी तसाच त्याच्या दारात. चेट्टा बँकेतून निवृत्त झालेला, गंभीर माणूस. हेडफोन लावून डोळे मिटून त्याने अख्खं गाणं ऐकलं, जसा काही मयताला बसलाय.

"मलयाळम नहीं," तो म्हणाला. "तमिळ होगा. वो लोग ऐसा करता है."

तळमजल्यावरच्या तमिळ किराणावाल्याने अर्धंच ऐकलं. म्हणाला, तेलुगू. तेलुगू माणूस आमच्या बिल्डिंगचा एसी बघतो, म्हणजे आपल्याच व्यवसायातला. तो म्हणाला, "सर, कन्नड." मंगळूरच्या हॉटेलवाल्याने चहा पुढे ठेवला, कान देऊन ऐकलं आणि मला विचारलं, "ये आपका कोल्हापूर साइड का नहीं है?"

म्हणजे भारताच्या टोकापर्यंत दक्षिणेला जाऊन मी गोल फिरून परत घरी आलो होतो. गाणं कोणीच घ्यायला तयार नव्हतं.

निघताना चेट्टाने मात्र मदत म्हणून स्वतःच्या भाच्याला आवडणारी मलयाळम रॅपची गाणी मला पेनड्राइव्हवर भरून दिली होती. सोमवारी सकाळी, मुलगी बसायच्या आत, मी ती लावून ठेवली. म्हटलं, आता बघ. ती बसली, पट्टा लावला, दहा सेकंद ऐकलं.

"बाबा, हे काय आहे?"

"सदर्न," मी म्हणालो. "अंडररेटेड."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांतून पाणी, नाकातून आवाज. शेजारच्या गाडीतला इजिप्शियन काच खाली करून बघू लागला. "बाबा, साउथ म्हणजे अमेरिकेचं साउथ. नॉट केरला!"

अमेरिकेला दक्षिण आहे हे मला नकाशात माहीत होतं. तिथे लोक राहतात आणि गातात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग ती बोलायला लागली. आठ महिन्यांत बोलली नव्हती एवढी, एका दमात, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. या गाण्यात नाव घ्यायचं ते न्यूयॉर्कवाल्यांचं आणि लॉस एंजेलिसवाल्यांचं, म्हणाली. दक्षिणेकडच्यांना सगळे हसायचे, बोली गावठी म्हणून. कोणी रेकॉर्ड काढून देईना. मग त्यांनी घरीच कॅसेटी केल्या आणि गाडीच्या डिकीतून विकल्या. त्यातल्याच एका दमट शहरात एकाने गाणी मुद्दाम हळू करून वाजवली आणि अख्ख्या शहराला तीच चाल लागली. "म्हणजे बिघडलेलं नाही, बाबा. दॅट इज द होल पॉइंट." मोठी झालेली नावं सगळ्यांना माहीत असतात, हिला आवडतो तो एकच अल्बम काढून गप्प झालेला कोणीतरी. मावशीच्या स्वयंपाकघराबद्दल गातो, गळक्या छपराबद्दल, दारात उभ्या असलेल्या आणि कधीच सुरू न झालेल्या गाडीबद्दल.

"आता ऐक. शब्द सोड. शेवटचा वर्ड तो कधी टाकतो ते ऐक."

तिने चेट्टाचा पेनड्राइव्ह काढून स्वतःचा लावला. मी ऐकलं. एक शब्द कळला नाही, देवाशपथ. पण शेवटचा शब्द तो मागे ठेवतो, हे कळलं. ठेका पुढे निघून जातो. आता गेली गाडी, असं वाटतं. आणि मग सुटलेल्या एसटीच्या पायरीवर म्हाताऱ्या माणसाने सवयीने पाय ठेवावा तसा तो आरामात येतो आणि बसतो.

असं मी एकालाच करताना ऐकलं होतं. मला वाटायचं ते सेलमुळे.

मी काकाचं सांगितलं. शक्ती-तुरा सांगितला, सवाल-जवाब सांगितले, मुंबईहून आलेली मंडळी काकाला गावंढळ म्हणून पुढच्या रांगेतून उठून कशी जायची तेही सांगितलं. त्यात मी थोडी भर घातली. काकाच्या सवालाने समोरचा शाहीर घाबरून विहिरीत पडला होता असं म्हटलं, तो प्रत्यक्षात ओट्यावरून पडला होता. मग मला काय झालं कोण जाणे, त्या संथ ठेक्यावर मी काकाचा सवाल म्हणायला सुरुवात केली. स्टीअरिंगवर ढोलकी धरली.

तुरेवाल्या शाहिरा, सांग मला खरं,
पाण्याखाली दिवा पेटला, कुणाचं ते घर...

'घर' मी मागे ठेवलं. ठेका गेला. मग सोडलं.

बसलं. देवाशपथ बसलं. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागे साठ गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यातले निदान चार तालात होते.

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. हसली नाही, 'वाव' म्हणाली नाही, फोनही काढला नाही. तिला आवडलं की लाज वाटली, हे मी करामापर्यंत तिच्या अर्ध्या गालावरून वाचायचा प्रयत्न करत होतो आणि गालावर काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा बायकोची मेथी आठवून मिटलं. आयुष्यात प्रथमच गप्प बसलो, तेही सलग सहा मिनिटं.

तिच्या ऑफिसच्या गल्लीत गाडी थांबवली. तिने पट्टा सोडला, पर्स उचलली. पेनड्राइव्ह काढायला हात गेला आणि तसाच मागे आला. विसरली की ठेवला, तेही कळेना. शेवटी राहवेना.

"मग," मी म्हणालो, "एक तारखेपासून कारलिफ्ट नक्की?"

"हो," ती म्हणाली. दार उघडून एक पाय बाहेर टाकला. गणपतीची वाकडी सोंड बोटाने जरा डावीकडे केली. सोंड काही राहिली नाही, पुन्हा उजवीकडे गेली.

"शुक्रवारी ती व्हॅन नसते."